मोटार किती धांवली?

मलकापूरच्या पेठेंत जुनी मोटार विकत घ्यावयास आलेला मनुष्य रंग पाहण्याच्या आधीं एक प्रश्न विचारतो : "रनिंग किती झालें?" विकणारा आंकडा सांगतो. घेणारा मान हलवितो आणि त्या आंकड्यांत मनांतल्या मनांत थोडी भर घालतो. कारण मीटर मागें फिरवितां येतो ही गोष्ट पोरासोरांसही ठाऊक आहे. मोटार किती धांवली हें जाणण्याची गरज या घेणाराइतकीच मोटारीचा विमा उतरविणाऱ्या कंपनीसही असते, किंबहुना अधिक असते. तरीही विमा कंपन्यांनीं कित्येक दशकें हा प्रश्न जवळजवळ विचारलाच नाहीं. विचारला तेव्हां मिळालेल्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसला नाहीं. आणि अलीकडच्या पंचवीसतीस वर्षांत मालकास न विचारतांच उत्तर मिळविण्याचीं साधनें हातीं आलीं, तेव्हां एक निराळाच वाद उभा राहिला.

अंतरावरून पैसा ठरविण्याची चाल या मुलखास नवी नव्हे. मलकापूर ही कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या वाटेवरील जुनी बाजारपेठ. विशाळगडच्या जहागिरीचें ठाणें येथेंच होतें, आणि गांव सोडून पश्चिमेकडे निघालें कीं सह्याद्रि ओलांडणारा आंबा घाट लागतो. बैलगाडीचें भाडें ठरवितांना कोस किती आणि वाटेंत घाट आहे कीं नाहीं, एवढ्या दोन गोष्टी पुरत. त्या दोन्ही गोष्टी उभयपक्षीं सारख्याच ठाऊक असत. म्हणून तेथें फसवणुकीस जागा थोडी होती. व्यापाऱ्यांच्या व्यवहारांत 'जोखमी हुंडी' म्हणून एक प्रकार असे. माल सुखरूप पोंचला तरच या हुंडीची रक्कम द्यावयाची, वाटेंत बुडाला वा लुटला गेला तर नाहीं. ही हुंडी घेणारा एका अर्थीं विमाच उतरवीत असे; आणि वाट कोणती, ऋतु कोणता, याची चौकशी केल्यावांचून तो दर सांगत नसे.

विलायतेंत हाच धंदा समुद्रावर वाढला. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्यें एडवर्ड लॉइड नांवाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहांत जहाजांचा विमा उतरविणारे लोक जमूं लागले, त्याचें कारण कॉफी नव्हे, बातमी. कोणतें जहाज कोणत्या बंदरांतून सुटलें आणि कोठें पोंचलें हें तेथें प्रथम कळे. १७३४ सालापासून 'लॉइड्स लिस्ट' या नांवानें ही बातमी छापूनही निघूं लागली. म्हणजे वाहनाच्या हालचालींची खबर ठेवणें हा विम्याचा जन्मजात स्वभाव आहे. फरक इतकाच कीं, जहाज मालाचें असे. तें कोणत्या बंदरांत किती दिवस थांबलें यावरून कोणाच्या घरांतील गोष्ट बाहेर पडत नसे. घरची मोटार कोणाच्या दारांत किती वेळ उभी होती, यावरून मात्र पुष्कळ कांहीं कळतें.

विमेदारानें काय सांगावें आणि विमा घेणाऱ्यानें काय स्वतः शोधावें, यासंबंधींचा पहिला मोठा निवाडाही त्याच काळांतला. सुमात्रा बेटावरील मार्लबरो किल्ल्याचा इंग्रज गव्हर्नर कार्टर यानें किल्ला शत्रूच्या हातीं पडण्याच्या भीतीनें त्याचा विमा उतरविला. पुढें १७६० सालीं फ्रेंचांनीं किल्ला खरोखरच घेतला. किल्ला कमजोर असल्याचें आम्हांपासून लपविलें, असें म्हणून विमा घेणारा बोह्म पैसे देईना. १७६६ मध्यें लॉर्ड मॅन्सफील्ड यानें या दाव्याचा निकाल दिला, आणि विम्याचा करार दोन्ही पक्षांच्या संपूर्ण सचोटीवर उभा असतो हें तत्त्व सांगितलें. या निकालाचा आधार घेऊन विमा कंपन्या 'सर्व कांहीं सांगा' असा आग्रह आजही धरतात. पण त्या दाव्यांत जिंकला गव्हर्नर! जें विमा घेणाऱ्यास ठाऊक आहे किंवा त्यानें चौकशी केल्यास कळण्यासारखें आहे, तें विमेदारानें सांगितलें नाहीं म्हणून त्यास दोष देतां येत नाहीं, असाही त्या निकालाचा दुसरा अर्धा भाग होता. हा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाहीं.

मोटारी आल्या तेव्हां कंपन्यांस चौकशी करावयास सोपी अशी दोन-तीनच लक्षणें सांपडलीं : यंत्राची शक्ति, गाडीची किंमत व वय, आणि ती जेथें राहते तें ठिकाण. ब्रिटनमध्यें १९३० च्या कायद्यानें तिऱ्हाईताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा झाला. हिंदुस्थानांत १९३९ च्या मोटार कायद्यांत तशी तरतूद झाली, परंतु तिचा अंमल १ जुलै १९४६ पासून सुरू झाला. मलकापूर त्या वेळीं ब्रिटिश मुलखांत नव्हतें. कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें तें १ मार्च १९४९ रोजीं. पुढें १९७३ च्या आरंभीं सर्वसाधारण विम्याच्या १०७ कंपन्या एकत्र करून सरकारी मालकीच्या चार कंपन्या करण्यांत आल्या, आणि दराचें कोष्टक सर्वत्र एकच राहिलें. २००२ सालच्या कोष्टकांत खासगी मोटारींसाठीं देशाचे दोनच विभाग होते. पहिल्यांत मुंबई, पुणें, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, बंगलोर, हैदराबाद व अहमदाबाद हीं आठ शहरें, आणि दुसऱ्यांत उरलेला सारा देश. मलकापूर अर्थात् दुसऱ्या विभागांत. यंत्राचे तीन वर्ग : हजार घनसेंटिमीटरपर्यंत, दीड हजारपर्यंत आणि त्यावर. गाडी वर्षांतून दोन वेळां जोतिबास जाते कीं रोज घाट उतरते, हें विचारण्यासाठीं त्या कोष्टकांत रकानाच नव्हता.

रकाना नसण्याचें कारण अज्ञान नव्हे. जो अधिक चालतो त्यास अपघाताची संधि अधिक, हें कळावयास गणिती लागत नाहीं. अडचण मोजण्याची होती, आणि मोजण्यापेक्षांही त्या मोजण्यावर भरंवसा ठेवण्याची होती.

अंतर मोजणारें चाक फार जुनें आहे. रोमन स्थापति विट्रूव्हिअस यानें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत अशा रथाचें वर्णन केलें आहे. चार फूट व्यासाचें चाक चारशें वेळां फिरलें कीं एक रोमन मैल पुरा व्हावा, आणि दांतेरी चाकांच्या योगानें एक खडा खालच्या धातूच्या भांड्यांत टपकन् पडावा; मुक्कामास पोंचल्यावर खडे मोजले कीं मैल कळले. विसाव्या शतकांतल्या मोटारींत खड्यांच्या जागीं आंकड्यांचीं चक्रें आलीं, तत्त्व तेंच राहिलें. गिअरपेटींतून निघालेली एक केबल तीं चक्रें फिरवी. पण केबल सोडवून ठेवली कीं मोटार धांवे आणि आंकडा स्वस्थ बसे. पुष्कळ मीटर पांच आंकडीच असत. ९९,९९९ नंतर म्हातारी गाडी पुन्हां शून्यावर येऊन नवी नवरी होई. अशा साक्षीदाराच्या साक्षीवर पैसे कोण सोडणार? खात्री करावयाची तर कंपनीनें प्रत्येक घरीं माणूस धाडला पाहिजे, आणि त्याचा खर्च मिळणाऱ्या हप्त्यास परवडला पाहिजे. तेव्हां सर्वांची सरासरी धरून सर्वांस सारखा दर लावणें हेंच सोयीचें ठरलें. त्यांत अन्याय होता, पण तो निमूटपणें चालणारा होता : कमी फिरणारा अधिक फिरणाऱ्याचा भार थोडाथोडा वाहत होता, आणि त्यास तें दिसत नव्हतें.

हा अन्याय स्पष्टपणें मांडणाऱ्यांत विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. १९६८ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत त्यानें म्हटलें कीं, विम्याचा खर्च वर्षाच्या आरंभीं ठोक न घेतां वापराबरोबर घ्यावा, म्हणजे निष्कारण फिरणें कमी होईल आणि अपघातही घटतील. मग वापर मोजावयाचा कसा? त्यानें सुचविलेली एक युक्ति ऐकणाऱ्यास हंसूं येईल अशी आहे. विमा टायरीबरोबर विकावा! टायर झिजेल तसा विमा संपेल. लोक गुळगुळीत झालेली टायर तशीच वापरीत राहतील ही शंकाही त्यास सुचली होती. म्हणून टायर परत करतांना नक्षी जितकी शिल्लक असेल तितके पैसे परत द्यावे, असें उत्तर त्यानें तयार ठेवलें होतें. ही योजना कोणीं अमलांत आणली नाहीं. व्हिक्रीस १९९६ चें नोबेल पारितोषिक अर्थशास्त्रांतील अन्य कामाबद्दल मिळालें, आणि तें जाहीर झाल्यावर तीनच दिवसांनीं तो वारला. पण टायरीच्या त्या योजनेंत एक गुण असा होता कीं तो पुढें आलेल्या कोणत्याही यंत्रांत सहज सांपडत नाहीं. झिजलेली टायर गाडी किती फिरली एवढेंच सांगते. कोठें फिरली हें सांगत नाहीं.

या भेदावर कायद्यानें बोट ठेवलेलें एक ठिकाण म्हणजे अमेरिकेंतील कॅलिफोर्निया. तेथें नोव्हेंबर १९८८ मध्यें मतदारांनीं कौल देऊन ठरविलें कीं, मोटारविम्याचा हप्ता प्रथम चालकाच्या पूर्वेतिहासावर, नंतर वर्षाच्या मैलांवर आणि त्यानंतर अनुभवाच्या वर्षांवर ठरावा. मैलांस इतका मान मिळाल्यावर ते पडताळण्याचा प्रश्न आलाच. मालकाचें निवेदन, मीटरचा वाचलेला आंकडा, दुरुस्तीच्या कारखान्यांतील नोंदी, इतकेंच काय पण गाडींत बसविलेलें यंत्रही तेथील नियमांनीं चालवून घेतलें. मात्र त्या यंत्रानें मैल मोजावेत, गाडीचें ठिकाण टिपूं नये, असें बंधन घातलें.

इतरत्र हें बंधन नव्हतें. १९९८ पासून प्रोग्रेसिव्ह या अमेरिकन कंपनीनें टेक्सासमध्यें उपग्रहांच्या साहाय्यानें गाडीचा माग ठेवून त्याप्रमाणें हप्ता आकारण्याचा प्रयोग केला. ब्रिटनमध्यें नॉर्विच युनियननें २००६ सालीं 'चालवाल तसें भरा' अशी योजना काढली. तींत तरुण चालकांस रात्रीच्या मैलांचा दर फार चढा होता. दोनच वर्षांत ती गुंडाळावी लागली. परंतु पुढें खर्चिक यंत्राची गरजच उरली नाहीं. प्रत्येकाच्या खिशांत टेलिफोन आला, आणि गति, वळण, धक्का व ठिकाण जाणण्याची सारी साधनें त्यांतच आलीं.

भारतांत ही लाट उशिरा पोंचली. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले होते. पण मैलांवर हप्ता लावण्याचे प्रयोग २०२० पासून सुरू झाले, तेही विमा नियामक प्राधिकरणानें मर्यादित मुदतीसाठीं दिलेल्या परवानगीनें. भारती ॲक्सा या कंपनीनें त्या वर्षीं २,५००, ५,००० व ७,५०० किलोमीटर असे वार्षिक टप्पे ठेवले. जुलै २०२२ मध्यें प्राधिकरणानें 'किती चालवितां' आणि 'कशी चालवितां' या दोन्ही तत्त्वांवर जोडविमा देण्यास सर्व कंपन्यांस मुभा दिली.

मलकापुरांतील एखाद्या दुकानदाराच्या दृष्टीनें हिशेब सोपा आहे. कोल्हापूर सुमारें पंचेचाळीस किलोमीटर. आठवड्यास एक खेप धरली तर वर्षाचे ४,६८० किलोमीटर होतात; म्हणजे पांच हजारांचा टप्पा त्यास बरोबर बसतो. मुंबईची एकच फेरी झाली कीं तो टप्पा ओलांडला जातो, ही गोष्ट वेगळी. शिवाय सवलत मिळते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यांत. तिऱ्हाईताच्या विम्याचा हप्ता सरकार ठरवितें, आणि १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत तो हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीस २,०९४ रुपये व दीड हजारपर्यंत ३,४१६ रुपये होता. गाडी वर्षभर गोठ्याशेजारीं उभी असो वा अहोरात्र रस्त्यावर असो. ज्या विम्यांत रस्त्यावरील दुसऱ्या माणसाच्या जीवाचा प्रश्न आहे, तेथें मैलांचा विचार नाहीं, आणि आपल्याच पत्र्याच्या पोंचरीचा प्रश्न आहे तेथें तो आहे, ही विसंगति चमत्कारिक खरी.

'किती' हा प्रश्न वर्षांतून दोनदां मीटरचें छायाचित्र पाठवून मिटतो. 'कशी' हा प्रश्न तसा मिटत नाहीं. त्यासाठीं गाडीच्या निदानाच्या खांचेंत बसविलेलें यंत्र किंवा चालकाच्या टेलिफोनमधील अॅप हीं सतत जागीं राहावीं लागतात. एकाएकीं ब्रेक दाबला, जोरानें वळण घेतलें, रात्रीं गाडी काढली, याची टिपणें होतात व त्यांवरून गुण दिले जातात. आतां आंबा घाट उतरणाऱ्यास विचारावें कीं ब्रेक दाबणें हें तेथें अवगुणाचें लक्षण आहे कीं शहाणपणाचें. पावसाळ्यांत दहा हातांवरचें दिसत नाहीं, वळणामागून एस. टी. येते, धुक्यांतून गुरें निघतात. जो तेथें दचकून थांबतो तोच घरीं पोंचतो. आणखी एक गंमत अशी कीं टेलिफोन हा गाडीचा नव्हे, माणसाचा असतो. तो माणूस वडापांत मागच्या बांकावर कोंबला गेला असला तरी गाडी धांवत आहे इतकें अॅपास कळतें. चालवितो कोण, हें त्यानें तर्कानें ठरवावयाचें. घाटांत टेलिफोनची लहर तुटली तर टिपणांत खळगे पडतात ते निराळेच.

तथापि चुकीच्या गुणांपेक्षां खरी टिपणेंच अधिक चिंतेचीं आहेत. मार्च २०२४ मध्यें 'न्यूयॉर्क टाइम्स' या पत्रानें उजेडांत आणलेलें प्रकरण त्या दृष्टीनें वाचण्याजोगें आहे. जनरल मोटर्सच्या गाड्यांत कारखान्यांतूनच बसविलेल्या यंत्रणेची माहिती लेक्सिसनेक्सिस या माहितीच्या व्यापाऱ्याकडे आणि तेथून विमा कंपन्यांकडे जात होती. एका मालकाचा हप्ता २०२२ सालीं शेंकडा २१ नीं वाढला. कारण शोधतां शोधतां त्यानें आपल्याविषयींचा अहवाल मागविला, तेव्हां सहा महिन्यांतील ६४० फेऱ्या तारीखवार हातीं आल्या : निघाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, अंतर, एकाएकीं दाबलेले ब्रेक. त्यांत त्याच्या पत्नीच्या फेऱ्याही होत्या. ठिकाणें तेवढीं नव्हतीं. पुढें कंपनीनें ती योजना बंद केली, आणि जानेवारी २०२५ मध्यें तेथील संघीय व्यापार आयोगानें अशी माहिती अहवाल-संस्थांस पांच वर्षें देण्यास मनाई करणारी तडजोड जाहीर केली. या प्रकरणांत कोणीं खोटें टिपण केलें नव्हतें. मालकानें नकळत संमति दिली होती, असें कंपनीच्या कागदांवरून निघत होतें. पत्नीची संमति कोणीं घेतली, याचें उत्तर कागदांतही नव्हतें.

जाण्यायेण्यावर नजर ठेवणें हा माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला आहे काय, या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास विम्याशीं नव्हे, पोलिसांशीं निगडित आहे. उत्तर प्रदेशांतील खरक सिंग या इसमावर दरोड्याचा आळ आला. पुराव्याअभावीं तो सुटला. तरी पोलिसांनीं त्याच्या नांवाचें टिपण उघडून त्याच्या घरावर व येण्याजाण्यावर पहारा ठेवला. १९६२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें रात्रीं दार ठोठावून घरांत शिरणें बेकायदा ठरविलें, पण हालचालींची नोंद ठेवण्यास हरकत घेतली नाहीं. न्यायमूर्ति सुब्बा राव व शहा यांचें मत निराळें पडलें. ज्याच्या पाठीवर सावलीसारखा पहारा आहे तो मोकळ्या रस्त्यावरही मोकळा नाहीं, असा त्या मताचा आशय होता. अल्पमतांतील तो विचार बहुमतांत यावयास पंचावन्न वर्षें लागलीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं पुट्टस्वामी प्रकरणांत नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें एकमतानें सांगितलें, आणि खरक सिंग निकालांतील विरुद्ध भाग रद्द ठरविला.

मलकापूरच्या परिसरास तर वाट गुप्त राहण्याची किंमत निराळी शिकवावी लागत नाहीं. १६६० च्या जुलैंत, पावसाच्या रात्रीं, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे शिवाजी महाराज निघाले तेव्हां वेढ्याचें लक्ष दुसरीकडे वळविण्यासाठीं शिवा काशीद यानें आपला प्राण दिला, आणि पाठलाग लागल्यावर बाजीप्रभूनें खिंड अडवून धरली. आजच्या साध्या गृहस्थाची फेरी इतकी मोलाची नसेल. पण वैद्याच्या दारांत, वकिलाच्या दारांत, सावकाराच्या दारांत किंवा मुलीच्या स्थळासाठीं कोणाच्या दारांत गाडी उभी राहते, तें चारचौघांत सांगावें असें त्यासही वाटत नाहीं.

राज्यघटनेंतील हक्क प्रामुख्यानें सरकाराविरुद्ध चालतो. कंपनीस बांधावयास निराळा कायदा लागतो. तसा वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्यें झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील मुख्य बंधनें लागू होण्यास त्यापुढें अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. ज्या कामासाठीं माहिती घेतली त्याच कामासाठीं ती वापरावी, आणि संमति समजेल अशा शब्दांत मागावी, असा त्याचा रोख आहे. मात्र संमति आणि सवलत एकत्र आल्या कीं संमतीचा अर्थ पालटतो. कमी फिरणारे आणि जपून चालविणारे सवलतीसाठीं माहिती देतात. उरलेल्यांची सरासरी त्यामुळें वाईट दिसूं लागते व त्यांचा हप्ता चढतो. मग जो केवळ आपली वाट आपल्यापाशीं ठेवूं इच्छितो त्याचें मौनही संशयास्पद ठरतें. आरंभीं बक्षीस म्हणून आलेली गोष्ट अशा रीतीनें न बोलणाऱ्याचा दंड होऊन बसते, आणि त्यासाठीं कोणासही सक्ति करावी लागत नाहीं.

तूर्त तरी मलकापूरच्या दुकानदारापुढें 'किती' एवढ्याच प्रश्नाचें उत्तर देण्याचा मार्ग खुला आहे. इंजिन सुरू करावयाचें, मीटरवरील आंकडा स्पष्ट दिसेल असें छायाचित्र काढावयाचें आणि कंपनीकडे पाठवावयाचें. व्हिक्रीच्या टायरीपेक्षां हें खचितच सोपें आहे. छायाचित्र मात्र टेलिफोननें काढलेलें असतें. आणि त्यांतील ठिकाण नोंदविण्याची कळ बंद केलेली नसेल, तर त्या चित्राच्या पोटांत आंकड्याबरोबरच तारीख, वेळ, अक्षांश आणि रेखांशही न दिसतां निघून जातात.